वजन किती आणि वजन कुठे? पाण्याखाली स्थिर राहण्याचा धडा



आठवीला 'बल व दाब' शिकवताना प्लावक बल आलं की आपण फळ्यावर एक चौकोनी ठोकळा काढतो. एक बाण खाली, एक बाण वर. वजन जास्त असेल तर ठोकळा बुडतो, प्लावक बल जास्त असेल तर तरंगतो, दोन्ही सारखी असतील तर पाण्यात जिथे ठेवाल तिथे राहतो. एक-दोन उदाहरणं सोडवली की धडा संपला. मीही बरीच वर्षं असंच शिकवत आले. या आकृतीत नेमकं काय राहून जातं ते मला कळलं समुद्रात, दहा मीटर खोल, पायांनी वाळू उडवत असताना.

माझी शाळा सिंधुदुर्गातली. वर्गातल्या काही मुलांचे वडील, काका पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेतात. जन्म समुद्राकाठी गेला, पण पाण्याखाली काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत धीर करून प्राथमिक कोर्सला नाव घातलं. हौदातले धडे ठीक झाले. समुद्रात मात्र माझे पाय सारखे खाली जायचे. बाकीचे माशासारखे आडवे, आणि मी जिना चढत असल्यासारखी तिरकी. पाय मारले की वर, थांबले की खाली. वर आल्यावर मी तक्रार केली, "नीट स्थिर राहता येत नाही." होडीवरच्या मदतनिसाने माझ्या कमरेच्या पट्ट्यात आणखी दोन किलो शिसं ओवलं. म्हणाला, "आता हलणार नाही तुम्ही."

पुढच्या बुडीत पाय आणखी खाली गेले. आणि परत येताना, जिथे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तिथे मला थांबताच येईना. मी वर वरच चालले. आमच्या प्रशिक्षकांनी पाय धरून मला थांबवलं म्हणून बरं. इजा काही झाली नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. जास्त वजन बांधलं असताना माणूस वर कसा जातो? विज्ञानाच्या बाईंना हे उत्तर यायला नको?

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी माझं आठ किलो वजन पाच किलोवर आणलं. त्यातलं दोन किलो कमरेवरून काढून पाठीवरच्या सिलिंडरच्या पट्ट्याला, खांद्यांजवळ लावलं. सिलिंडर थोडा वर सरकवला, पट्टे आवळले. आणि मी आडवी राहिले! हात-पाय न हलवता.

यात जादू काही नाही. आठवीचाच धडा आहे, फक्त पूर्ण सांगितलेला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

१. प्रश्न एक नाही, दोन आहेत

पहिला प्रश्न: वजन किती? यावर तुम्ही बुडणार, तरंगणार की मध्ये राहणार हे ठरतं.

दुसरा प्रश्न: वजन कुठे? यावर तुम्ही आडवे राहणार, उभे होणार की कुशीवर वळणार हे ठरतं.

फळ्यावरच्या ठोकळ्याला डोकं आणि पाय नसतात, म्हणून दुसरा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. माणसाचं तसं नाही. छातीत फुप्फुसं आहेत, त्यांत हवा आहे. म्हणून छातीकडचा भाग हलका. मांड्या, पोटऱ्या त्यामानाने जड. सगळं वजन जणू एका बिंदूतून खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. प्लावक बल जणू एका बिंदूतून वर उचलतं, त्याला आपण प्लावनमध्य म्हणू. हे दोन बिंदू एकाखाली एक आले की शरीर शांत राहतं. एक डोक्याकडे आणि दुसरा पायाकडे असेल, तर ते एकाखाली एक येईपर्यंत शरीर फिरत राहतं.

कावड आठवा. दोन्हीकडचे हंडे सारखे असतील तर खांद्यावर कावड आडवी राहते. एकीकडे जड झालं तर? कावड खांद्यावर थोडी सरकवायची. मधोमध आणखी एक हंडा टांगायचा विचार कोणी करत नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

२. वजन किती? हिशेब करून पाहू

वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे सूट तरंगतो. माणूसही श्वास भरून घेतला की बहुधा तरंगतो. म्हणून शिसं लागतं. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट, थोड्या जागेत जास्त वजन मावतं, म्हणून लोखंडापेक्षा शिसं सोयीचं.

आता दोन हिशेब, वर्गात घेण्यासारखे.

पहिला, गोडं पाणी आणि खारं पाणी. समजा माणूस, सूट, सिलिंडर सगळं मिळून ९० लिटर जागा व्यापतं. हौदातलं ९० लिटर पाणी भरतं ९० किलो. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो, म्हणजे ९० लिटरचे ९२.२५ किलो. समुद्र सव्वादोन किलो जास्त उचलतो. त्यामुळे हौदात जमलेलं वजन समुद्रात कमी पडतं, आणि समुद्रातलं वजन हौदात जास्त होतं.

दुसरा, सिलिंडरमधली हवा. हवेला वजन असतं हे आपण सहावी-सातवीतच शिकवतो. आपल्याकडे जो ॲल्युमिनियमचा सिलिंडर सर्रास वापरतात त्याची धारकता सुमारे ११ लिटर, आणि तो सुमारे २०० बार दाबाने भरतात. बुडी संपताना ५० बार शिल्लक ठेवायचे. म्हणजे वापरले १५० बार. ११ गुणिले १५० म्हणजे १६५० लिटर हवा. लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरले तर जवळजवळ दोन किलो! बुडीच्या सुरुवातीला तुम्ही जेवढे जड असता, त्यापेक्षा शेवटी दोन किलोने हलके होता.

म्हणूनच वजनाची खरी परीक्षा बुडीच्या शेवटी होते. रिवाज असा: सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार उरले असताना पाण्याच्या पृष्ठभागावर उभं राहायचं, जॅकेटमधली सगळी हवा सोडायची, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखे खाली गेलात तर वजन जास्त. श्वास सोडूनही तरंगत राहिलात तर कमी. भरलेल्या सिलिंडरने ही परीक्षा घेतली तर वर सांगितलेले दोन किलो हिशेबात धरून वाढवायचे.

एक सूचना ठळक अक्षरांत वाचा: श्वास क्षणभर थांबवणं हे फक्त पृष्ठभागावर, या परीक्षेपुरतं. पाण्याखाली असताना श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना हवा प्रसरण पावते आणि रोखलेल्या श्वासाने फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते.

३. जास्त वजन बांधलं तर माणूस वर कसा जातो?

आता माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येऊ.

डायव्हरच्या अंगात फुगवता येणारं जॅकेट असतं. जास्तीच्या वजनाने खाली जायला लागलो की आपण त्यात हवा भरून तोल सांभाळतो. माझ्याकडे तीन किलो शिसं जास्त होतं; हिशेब सोपा ठेवायचा म्हणून धरा की त्यापोटी ३ लिटर हवा जास्त भरावी लागली. ही झाली दहा मीटरवरची गोष्ट. तिथे दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, कारण दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो.

मी पाच मीटरवर आले. दाब दोनाचा दीड झाला. ३ लिटर हवेची झाली ४ लिटर. म्हणजे सुमारे एक किलोचा उचल आपोआप वाढला. त्या उचलाने मी आणखी वर गेले, दाब आणखी कमी झाला, हवा आणखी फुगली. पृष्ठभागावर तीच हवा ६ लिटर होते. शिसं मात्र तेवढंच राहतं. वेळेवर हवा सोडली नाही तर वेग वाढतच जातो, आणि वेगाने वर येणं ही स्कूबामधली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे.

पाय जास्त का बुडाले तेही यातच आहे. जास्तीचं शिसं कमरेला, म्हणून ते कंबर खाली ओढणार. त्यासाठी भरलेली हवा जॅकेटमध्ये सगळ्यात उंच जागी पळणार, म्हणजे खांद्यांकडे. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा जसा वरच्या टोकाला जातो तसा. खाली ओढणारं एकीकडे, वर उचलणारं दुसरीकडे! शरीर आणखी उभं होणार. तिरकं शरीर पाणी जास्त ढकलतं, दम लागतो, हवा लवकर संपते. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपत होती, आणि मी समजत होते की माझं वय झालं.

म्हणून नियम लक्षात ठेवा: आधी वजनाचं प्रमाण बरोबर करा, मग जागा. तिरकेपणावर जास्त वजन हा उपाय नाही. बहुतेक वेळा तेच कारण असतं.

४. वजन कुठे? लक्षण पाहा, मग सरकवा

प्रमाण जमल्यावर उथळ, शांत पाण्यात प्रशिक्षकांसोबत ही तपासणी करतात. आडवं व्हायचं, श्वास नेहमीसारखा चालू ठेवायचा, हात-पाय हलवायचे नाहीत, आणि अर्धा मिनिट पाहायचं की शरीर कुठे वळतं.

पाय खाली जात असतील तर वजन डोक्याकडे न्या. कमरेच्या पट्ट्यातलं थोडं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशांत घाला, किंवा सिलिंडरच काही सेंटीमीटर वर सरकवा. फार वर नको. मान वर केली की डोकं सिलिंडरच्या तोंडाला आपटतं.

डोकं खाली जात असेल तर उलट करा. सिलिंडर खाली, शिसं कमरेकडे. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की त्याचं बूड हलकं होऊन वर उठायला लागतं. त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेली जागा शेवटी बदलल्यासारखी वाटू शकते.

एका कुशीवर वळत असाल तर डावी-उजवी बाजू तपासा. एका बाजूला दोन किलो आणि दुसऱ्या बाजूला एक, असं बऱ्याचदा असतं. सिलिंडर पाठीच्या मधोमध आहे का, टॉर्च वगैरे सगळं एकाच बाजूला लटकवलंय का, तेही पाहा.

शरीराची ठेवणही वजन सरकवण्यासारखीच असते. हात पुढे पसरले की वजन डोक्याकडे जातं. गुडघे वाकवून पावलं वर घेतली की पायांचा भार मध्याकडे येतो. सी-सॉवर मागे बसलेलं मूल पुढे सरकलं की काय होतं, ते मुलांना सांगायला नकोच.

एक पथ्य मात्र आहे. सगळं शिसं अशा खिशांत जाऊ नये की जिथून ते काढता येणार नाही. अडचणीच्या वेळी पृष्ठभागावर तरंगत राहता यावं, इतकं वजन एका हाताने झटकन सोडता आलं पाहिजे.

५. हार्नेस: जागा ठरवली, ती टिकली पाहिजे

पालकहो, शाळेत जाणारी मुलं पाहा. दप्तराचे पट्टे लांब सोडले की दप्तर ढुंगणावर लोंबतं आणि पोर पुढे वाकून चालतं. तेच दप्तर, तीच पुस्तकं. पट्टे ओढून पाठीशी घट्ट केलं की पोर ताठ होतं. पाण्याखालचा हार्नेस म्हणजे असंच दप्तर आहे. फरक इतकाच की पाण्यात ते सैल दप्तर तुम्हाला उलटंसुद्धा करू शकतं.

क्रम असा ठेवतात:

पहिल्यांदा सिलिंडरचा पट्टा. कापडी पट्टा ओला झाला की थोडा ताणतो, म्हणून तो आधीच भिजवून आवळायचा. मग जॅकेट धरून सगळं उचलून हलवायचं. सिलिंडर घसरला तर पुन्हा आवळायचा.

मग वजनाचा पट्टा. तो जॅकेटच्या आधी बांधतात आणि त्याचं बकल मोकळं राहील असं पाहतात. दुसऱ्या कुठल्या पट्ट्याखाली तो अडकला तर गरजेला सुटणार नाही. शिशाचे तुकडे पट्ट्यावर इकडेतिकडे सरकू नयेत म्हणून अडकण लावायचं.

मग जॅकेट. खांद्याचे पट्टे सैल ठेवून घालायचं, कमरेचा पट्टा बसवायचा, मग दोन्ही खांदे सारखे ओढायचे. छातीचा पट्टा खांद्याचे पट्टे घसरू देत नाही. काही हार्नेसना दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो सगळा साज डोक्याकडे चढू देत नाही.

शेवटी जॅकेट पूर्ण फुगवून खोल श्वास घ्यायचा. छाती दबत असेल तर पट्टे जास्त घट्ट आहेत. घट्ट म्हणजे आवळलेलं नव्हे, हलणार नाही इतकंच.

आणि खाली गेल्यावर एकदा पुन्हा पाहायचं. दाबाने वेटसूट चेपतो, कमरेचा घेर कमी होतो, आणि किनाऱ्यावर घट्ट असलेला पट्टा दहा मीटरवर फिरायला लागतो.

६. वर्गात करून पाहा: पट्टी आणि नट

यासाठी समुद्र नको, एक बादली पुरे. शक्य असेल तर पसरट टब घ्या.

साहित्य: तीस सेंटीमीटरची लाकडी पट्टी, तीन-चार लोखंडी नट, रबरबँड, मीठ.

कृती: पट्टीच्या मधोमध रबरबँडने एकेक नट बांधत जा, पट्टी जेमतेम बुडेपर्यंत. गरज पडली तर शेवटी एखादी टाचणी किंवा यू-पिन लावून बारीक फरक करा. हा झाला 'वजन किती'.

आता एकही नट न वाढवता ते एका टोकाकडे थोडे सरकवा. पट्टीचं ते टोक खाली जाईल. हा झाला 'वजन कुठे'.

नट पट्टीच्या वरच्या अंगाला ठेवून पाहा. पट्टी उलटते आणि नट खाली येतात. पाठीवरचा सिलिंडर डायव्हरला का उलटवू पाहतो, ते मुलांना लगेच दिसतं. रबरबँड सैल करून पाहा. नट घसरतात आणि जमवलेला तोल जातो. हा झाला हार्नेस.

शेवटी दहा लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा. जेमतेम बुडणारी पट्टी वर येते.

मी हा प्रयोग पहिल्यांदा घेतला तेव्हा पट्टी तिरकी झाल्यावर मुद्दाम विचारलं, "आता काय करू?" बहुतेक मुलं म्हणाली, "बाई, आणखी एक नट लावा." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "वाढवू नका बाई, आहे तोच सरकवा." हा मुलगा चाचणीत याच धड्यात नापास झाला होता. त्याने आर्किमिडीजच्या तत्त्वाची व्याख्या कोरी सोडली होती. सुट्टीत मात्र तो वडिलांसोबत होडीवर असतो आणि पर्यटकांचे पट्टे बांधायला मदत करतो. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्याने ठोकळ्याला डोकं आणि पाय काढले, कमरेला पट्टा काढला, आणि बाण कुठून कुठे जातात ते दाखवलं. व्याख्या त्याला त्यानंतर आठवड्याभरात आली. ती त्याआधी का आली नाही, याचा विचार मी अजून करते.

७. पालकांसाठी दोन शब्द

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला सहलीत स्कूबा करताना सहसा प्रशिक्षक तुमच्या सोबत राहतो आणि वजन, जॅकेट, हवा सगळं तोच पाहतो. हा लेख वाचून स्वतःचे पट्टे स्वतः बदलू नका. ते काम शिकूनच करायचं असतं. पण प्रश्न विचारायला कुणाची हरकत नसते. जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का? वजनाचा पट्टा कसा सोडायचा ते आम्हाला दाखवाल का? पाण्यात उतरल्यावर पट्टे पुन्हा एकदा पाहाल का? मूल म्हणालं "मी वाकडा होतोय", तर त्याला घाबरट म्हणू नका. बहुधा त्याचं वजन चुकीच्या जागी असतं.

स्थिर डायव्हर तळाला हात लावत नाही, प्रवाळ तुडवत नाही, वाळू उडवत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथल्या तळाचंही यात हित आहे.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी फळ्यावर तो ठोकळा काढाल तेव्हा त्याला डोकं आणि पाय काढा. मग मुलांना दोन्ही प्रश्न विचारा. पट्टी-नटांचा प्रयोग तुमच्या वर्गात कसा झाला, मुलांनी काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा.